येऊरच्या चढावर कळते: जुन्या मोटारसायकलींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांची सहा पत्रे घेतली आहेत. पाचांचा विषय एकच, वापरलेली मोटारसायकल घ्यावी की सोडावी; सहावे पत्र गाडी घेतल्यानंतरचे आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली तपासणी पुढच्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

प्रश्न: मी कळव्याहून महापे एमआयडीसीत कामाला जातो, येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर होतात. वागळे इस्टेटमध्ये 2014 ची पल्सर 150 पाहिली. मीटरवर 41,000 किलोमीटर आहेत, मालक 34,000 मागतो. ओळखीच्या मिस्त्रींनी कामे लिहून दिली: चेन सेट 1,800, मागचा टायर 2,600, हँडलचा कोनसेट 900, क्लच प्लेट 1,400, बॅटरी 1,600. सुरू करताना थोडा निळा धूर दिसला. ते म्हणाले, नुसते व्हॉल्व्ह सील गेले असतील तर दोन हजारांत भागेल, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर आठ हजार धरा. कोपरखैरण्याला त्याच वर्षाची, नीट ठेवलेली गाडी 42,000 ला आहे. वागळेची घेऊन कामे करून घ्यावीत का? (एक वाचक, कळवा)

उत्तर: तुमच्या मिस्त्रींची बेरीज 8,300 होते. ती 34,000 मध्ये मिळवली की 42,300. म्हणजे धुराचा प्रश्न नसता तरीही ही गाडी कोपरखैरण्याच्या गाडीपेक्षा स्वस्त पडत नाही. धुराचा खर्च धरला तर महागच पडते. पण म्हणून ती सोडून द्या असे आम्ही म्हणणार नाही. मागितलेली किंमत चुकीची असली तरी गाडी चुकीची असेलच असे नाही.

मिस्त्रींच्या यादीतले सगळे भाग झिजायलाच बनवलेले आहेत. चेन, टायर, क्लच प्लेट, कोनसेट, बॅटरी हे दहा वर्षांच्या गाडीत झिजलेले असणारच. त्यांना घाबरू नका, त्यांचे पैसे किमतीतून वजा करा. घाबरायचे ते जखमेला: वाकलेली चेसिस, पाण्यात बुडालेले इंजिन, अडकलेले कागद. झीज पैसे टाकून भरून निघते, जखम कितीही पैसे टाकले तरी गाडीत राहते. वागळेच्या गाडीत काय आहे, ते एका सकाळी कळू शकते.

पहिली अट म्हणजे इंजिन थंड हवे. मालकाला आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर कुणीतरी तुमच्या आधी ती सुरू करून धूर संपवून ठेवला आहे, असे समजून दुसऱ्या दिवशी परत जा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हेडमधले ऑइल झिजलेल्या सीलमधून, व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंब थेंब खाली उतरते. सकाळी पहिल्या सेल्फला ते जळते, निळा धूर येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत थांबतो. हे सील गेल्याचे लक्षण. इंजिन गरम झाल्यावरही रेस दिली की धूर चालूच राहत असेल, तर संशय रिंगांवर आणि ब्लॉकवर जातो. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढुरकी वाफ मात्र निरुपद्रवी. तिला वास नसतो आणि ती लगेच विरते. निळ्या धुराला जळक्या तेलाचा वास असतो आणि तो गाडीमागे रेंगाळतो. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. तो बहुतेक वेळा एअर फिल्टर किंवा कार्बोरेटरच्या कामात जातो.

याची खात्री चढउतारावर होते, आणि तुमच्या सुदैवाने वागळेहून उपवन जवळ आहे. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करा आणि उपवनपासून येऊरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये लावा. एखाद्या मित्राला दुसऱ्या गाडीवरून मागे यायला सांगा, कारण स्वतःचा धूर स्वतःला दिसत नाही. चढावर रेस उघडी असताना सलग निळी शेपूट दिसली तर रिंगा. मग उतरताना त्याच तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण बंद ठेवून दहा-बारा सेकंद गाडी उतरू द्या आणि खाली सपाटीला लागताच रेस उघडा. रेस बंद असताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि सैल सीलमधून ऑइल आत खेचले जाते. रेस उघडताक्षणी एकच निळा ढग आला आणि थांबला, तर सील किंवा व्हॉल्व्ह गाइड. परत आल्यावर इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरण्याचे झाकण अलगद सैल करा. थोडी फुंकर येणे ठीक. पण फुसफुस करत धूर बाहेर पडत असेल तर पिस्टनच्या बाजूने दाब खाली गळतो आहे.

तरीही शंका राहिली तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. या गाडीला दोन स्पार्क प्लग असतात. एक काढून तिथे गेज बसवायचे, दुसरा जागेवरच ठेवायचा. दोन्ही कॅप काढून अर्थ केलेल्या असाव्यात, नाहीतर स्पार्कच्या यंत्रणेला इजा होते. रेस पूर्ण उघडी ठेवून सेल्फ सहा-सात फेऱ्या मारायचा. निरोगी 150 सीसी इंजिनात काटा बहुधा 140 ते 175 पीएसआयच्या दरम्यान थांबतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून साधारण 5 मिली इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरते, त्यामुळे आकडा चांगला वीस-तीसने वर गेला तर दोष रिंगांचा. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. दहा मिनिटांचे काम आहे, त्याचे पैसे मिस्त्रींना आनंदाने द्या.

आता चेसिस. गाडी मेन स्टँडवर घ्या, एकाने मागची सीट दाबून पुढचे चाक उचलून धरावे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. बरोबर मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. तो यादीत आलाच आहे. पण हँडल सरळ धरल्यावर चाक एका बाजूला बघत असेल, किंवा सरळ रस्त्यावर हात किंचित सैल सोडताच गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर खालची टी (फोर्कचे दोन्ही पाइप धरून ठेवणारा आडवा भाग) किंवा फोर्कचे पाइप वाकलेले असू शकतात. टाकीच्या पुढच्या टोकाखाली, जिथे चेसिसच्या नळ्या हँडलच्या नळीला जोडल्या आहेत, तिथे टॉर्च मारून बघा. तिथला रंग सुरकुतलेला, तडकलेला किंवा बाकीच्या चेसिसपेक्षा नवा दिसला तर गाडी समोरून धडकलेली आहे. वेल्डिंग पुन्हा केल्याची खूण दिसली तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. इथे आमचे मत ठाम आहे. मग मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा. खटखट लागली तर चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग. दोन्ही बदलता येतात.

गिअरबॉक्ससाठी दुसऱ्या गिअरमध्ये जोरात रेस द्या आणि एकदम सोडा, असे चार-पाच वेळा करा. गिअर आपोआप सुटला तर इंजिन पूर्ण उघडावे लागेल. तो खर्च तुमच्या यादीत नाही. क्लचची परीक्षा सपाट रस्त्यावर करायची, उदाहरणार्थ विटाव्याकडून ऐरोलीला जाताना. चौथ्या गिअरला 35 च्या वेगात असताना रेस पूर्ण उघडा. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा धावतो आणि वेग मागे राहतो, म्हणजे प्लेटा घसरतात.

41,000 या आकड्यावर फार विसंबू नका. या मॉडेलचे मीटर डिजिटल आहे आणि अख्खे मीटर बदलले की आकडा नव्याने सुरू होतो. रोज वापरलेल्या गाडीचे वर्षाला दहा-बारा हजार सहज होतात, तेव्हा 41,000 खरे असतील तर गाडी बराच काळ उभी राहिली असली पाहिजे. ब्रेक पेडलची टोके गुळगुळीत, गिअरच्या लिव्हरचे रबर फाटलेले, फूटरेस्टचे दाते सपाट, सीटखाली सामानाचा कॅरिअर बसवल्याची जुनी भोके असतील तर गाडीने त्याहून पुष्कळ पाहिले आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे चेसिस नंबरवरून मागच्या सर्व्हिसची नोंद मिळू शकते. मालकाला बरोबर घेऊन विचारा.

आणि किंमत. कोपरखैरण्याची 42,000 ही मोजपट्टी धरा. त्यातून 8,300 वजा, सीलचे 2,000 वजा, आणि उघडल्यावर निघणाऱ्या कामांसाठी 3,000 बाजूला. उरतात 28,700. सील असतील तर 28,000 ला मागा आणि 29,000 वर थांबा. रिंगा असतील तर हाच हिशेब 22,700 वर येतो. त्या भावाला मालक बहुधा देणार नाही. मग सरळ कोपरखैरण्याला जा आणि तिथेही हीच सगळी तपासणी करा. नीट ठेवलेली दिसते म्हणून थंड इंजिनची अट सोडू नका.

प्रश्न: ऐरोलीत एक एमएच-11 नंबरची गाडी पाच-सहा हजारांनी स्वस्त मिळते आहे. आरसी बुक साताऱ्याच्या पहिल्या मालकाच्या नावावर आहे. विकणारा तिसरा माणूस. त्याच्याकडे पहिल्या मालकाच्या सह्या असलेले टीटीओ (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म आहेत. तो म्हणतो, नावावर करायची घाई नाही, वर्षभर चालवा. आरसीवर एका बँकेचा बोजाही दिसतो, पण कर्ज फिटले आहे म्हणतो. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: या अटींवर घेऊ नका. गाडी पाहण्याच्याही आधी कागद पाहायचे असतात, आणि हे कागद पुरे नाहीत.

सही केलेले कोरे फॉर्म म्हणजे मालकी नव्हे. हस्तांतरणाची सूचना फॉर्म 29 वर आणि अर्ज फॉर्म 30 वर होतो. दोन्हीत नोंदणीकृत मालक आणि तुम्ही असे दोघेच असता, मधल्या दोन हातांना त्यात जागाच नाही. आता हे काम ऑनलाइन चालते आणि त्यात नोंदणीकृत मालकाच्या आधारशी किंवा मोबाइलशी पडताळणी होते. म्हणजे साताऱ्याच्या मालकाचा फोन आणि त्याची संमती लागतेच. त्याच्याशी तुमचे थेट बोलणे होत नसेल तर फॉर्मवरची जुनी सही काही कामाची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचे असते. 'घाई नाही' हे म्हणणे कायद्यातच बसत नाही.

विकणाऱ्यांनीही हे वाचावे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, गाडी मध्ये कितीही हातांनी फिरलेली असो. ऐरोलीत तुमच्या हातून कुणाला धक्का लागला तर नोटीस साताऱ्याला जाईल. उलट तुमची गाडी चोरीला गेली तर विम्याचा दावा तुम्हाला करता येणार नाही, कारण कागदावर गाडी तुमची नाही.

बोज्याचे म्हणाल तर कर्ज फिटल्याचे तोंडी सांगणे पुरत नाही. बँकेची एनओसी आणि बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म 35, दोन प्रतींत, हातात आल्याशिवाय आरसीवरचे बँकेचे नाव निघत नाही.

पहिला मालक बोलायला तयार असेल, तर पुढे जायला हरकत नाही. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बोजा पाहा. ई-चलन किती थकले आहे ते पाहा आणि विकणाऱ्याकडून भरून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत चोरीच्या गाड्यांची नोंद तपासता येते, तीही बघा. मग चिंधीला थोडे पेट्रोल लावून हँडलच्या नळीवरचा चेसिस नंबर आणि क्रँककेसवरचा इंजिन नंबर पुसा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आकडे एका रेषेत, सारख्या खोलीचे हवेत. आजूबाजूचा धातू घासल्यासारखा चकाकत असेल किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तर किल्ली परत द्या. पैसे मालकाच्या खात्यात पाठवा, रोख नको. उरलेले दोन-तीन हजार गाडी तुमच्या नावावर झाल्यावर द्यायचे, असे कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: दिव्यात शेजाऱ्यांची 2018 ची 125 सीसी गाडी विकायची आहे. पावसात आमच्या भागात पाणी भरते. ते म्हणतात, गाडी फक्त चाकापर्यंत भिजली होती. आता व्यवस्थित चालते. काय पाहू? (एक वाचक, दिवा)

उत्तर: शेजारी खरे बोलत असतील, पण पाणी आपली रेघ मागे ठेवून जाते. ती शोधायची. दिवा आणि मुंब्रा खाडीच्या काठचे भाग आहेत. भरतीच्या वेळी पाऊस पडला की साचलेल्या पाण्यात खाडीचे खारे पाणी मिसळते, आणि खारे पाणी नुसत्या पावसाच्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर गंज चढवते. म्हणून ठाण्यात वंदना टॉकीजजवळच्या पाण्यात भिजलेली गाडी आणि खाडीकाठची गाडी आम्ही सारखी मानत नाही.

सीट काढा. बॅटरीच्या खोबणीत, वायरिंगच्या गठ्ठ्याच्या आत, टूलकिटच्या पिशवीखाली बारीक चिखलाची पूड आहे का बोटाने पाहा. धुतलेल्या गाडीत ती नेमकी इथेच उरते. एअर फिल्टरचे झाकण उघडा. डब्याच्या तळाशी चिखलाची रेघ असेल तर पाणी कार्बोरेटरच्या पातळीपर्यंत गेले होते. वायरिंगचे तीन-चार कनेक्टर वेगळे करून बघा. पितळी पिना हिरव्या झाल्या असतील तर आज गाडी चालते, पण पुढच्या जुलैत इंडिकेटर, हॉर्न, मग स्टार्टर एकामागून एक गोंधळ घालू लागतील. तो दोष शोधण्यात मिस्त्रींचे दिवस आणि तुमचे पैसे जातात, आणि तरी तो पूर्ण जात नाही. मीटरच्या काचेआड धुके आणि हेडलाइटच्या रिफ्लेक्टरवर डागांची आडवी रेघ या पुढच्या खुणा.

ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखे असेल तर इंजिनमध्ये पाणी आहे. इथे एक सावधगिरी हवी. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत वाफ जमून भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पांढरट साय येते. तेवढ्यावरून दोष देऊ नका. काडीवरचे ऑइल स्वच्छ असेल तर साय चालेल. मागचे चाक काढून ड्रम उघडून घ्या. ब्रेक शूच्या कॅमवर गंज आणि ड्रममध्ये सुकलेला गाळ असेल तर चाकापर्यंत भिजल्याचे म्हणणे पटते. बेअरिंग हाताने फिरवा, खरखर आली तर दोन्ही चाकांची बदला.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेजाऱ्यांना शांतपणे विचारा: पाण्यात असताना किंवा पाणी उतरल्यावर लगेच सेल्फ मारला होता का? सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पाणी दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड केसभर वाकतो. गाडी तरीही चालते. कॉम्प्रेशन थोडे उतरते, इंजिन नेहमीपेक्षा जास्त थरथरते आणि काही महिन्यांनी खालून आवाज सुरू होतो. मीटर आणि एअर फिल्टर दोन्ही ठिकाणी खूण सापडली तर शेजारधर्म सांभाळून नकार द्या. खुणा फक्त ड्रमपर्यंत असतील तर घ्या, बेअरिंगे आणि ब्रेक शू धरून.

प्रश्न: नौपाड्यात 2009 ची स्प्लेंडर 9,000 ला मिळते. इंजिन छान आहे. मार्केटपुरतीच हवी आहे. (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर: इंजिन छान असेलही; ते 97.2 सीसीचे साधे इंजिन नीट ऑइल मिळाले तर खूप टिकते. पण खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि 2009 च्या गाडीची ती 2024 मध्ये संपली. आरसीवर नूतनीकरणाची पुढची तारीख आहे का, हे आधी पाहा. ते झाले नसेल तर फॉर्म 25 भरून गाडी तपासणीला न्यावी लागते, शुल्क आणि 15 वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर भरावा लागतो, आणि मग पाच वर्षे मिळतात. उशीर झाला असेल तर दर महिन्यागणिक जादा शुल्क चढते. हे सगळे विकणाऱ्याने करून द्यावे, तेव्हा 9,000. तुम्ही करणार असाल तर तो पूर्ण खर्च किमतीतून वजा करा. उरलेला आकडा बघून कदाचित तुम्हीच विचार बदलाल. उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावून घ्यायला सांगा. दुचाकीसाठी तिचे 450 रुपये आणि वर जीएसटी.

एक जागा नक्की पाहा: टाकीच्या आत टॉर्च टाका. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवते. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीत गंज टाकीच्या तळाशी बसतो आणि तोच पुढे कार्बोरेटरमध्ये उतरतो.

प्रश्न: तुर्भ्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात 2021 ची फ्युएल इंजेक्शनवाली गाडी आहे. दुकानदार सहा महिन्यांची वॉरंटी देतो. मालकाकडून घेण्यापेक्षा हे बरे ना? (एक वाचक, वाशी)

उत्तर: वॉरंटी कागदावर काय म्हणते त्यावर अवलंबून आहे. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स नावाने लिहिले असेल, मजुरी कोण देणार ते लिहिले असेल आणि दुकानाचा शिक्का असेल तर तिला किंमत आहे. नाव तुमच्यावर करून देण्याची तारीखही त्याच कागदावर घ्या.

1 एप्रिल 2020 नंतरच्या या गाड्यांत सेन्सर असतात, म्हणून तपासणी किल्ली फिरवण्यापासून सुरू होते. किल्ली चालू केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर दोष आहे. किल्ली फिरवल्यावर तो लागतच नसेल तर कुणीतरी दिवाच बंद करून ठेवला आहे, आणि ते जास्त वाईट. एबीएस असेल तर त्याचा दिवा चालायला लागल्यावर विझतो. पेट्रोल पंपाची हलकी 'झुंई' दोन-तीन सेकंद ऐकू आली पाहिजे. विम्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवा की 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, त्यामुळे तो चालू दिसला तरी स्वतःच्या नुकसानीचा भाग कधीचाच संपलेला असू शकतो. पॉलिसीची दोन्ही पाने मागा.

प्रश्न: बजाजची 2016 ची 150 सीसी गाडी घेतली, ट्रान्सफरला टाकली आहे. चालू स्थितीत आहे. पहिल्या आठवड्यात काय करू? पाम बीच रोडने रोज सीबीडीला जातो. (एक वाचक, नेरूळ)

उत्तर: ऑइल आधी, आणि जुने ऑइल कधी बदलले होते हे न विचारता. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करा आणि खालचा बोल्ट उघडून ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा. बोल्टच्या आसपास बारीक करडी पूड चालते, ती क्लच प्लेटांची आणि दातांची रोजची झीज असते. चमकणारे तुकडे चालत नाहीत. ते दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि इंजिन उघडून घ्या. फिल्टर बदला, वॉशर नवा घाला. 20डब्ल्यू-50 मोटारसायकल ऑइल साधारण एक लिटरच्या आसपास बसते, पण भरायचे ते खिडकीतल्या दोन रेघांच्या मध्ये, बाटलीवरच्या आकड्यावर नव्हे. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेले हवे. तुमच्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायने त्याला घसरवतात आणि मग चांगल्या प्लेटा विनाकारण बदलल्या जातात.

मग ब्रेक. पुढच्या डिस्कचे द्रव चहाच्या रंगाचे असेल तर पूर्ण बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषते आणि दोन वर्षांत बदलायचे असते. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती कॅलिपरने मोजायला सांगा. मागच्या ड्रमवरचा बाण ब्रेक पूर्ण दाबल्यावर शेवटच्या खुणेला पोचला असेल तर शू बदला. टायरवर चार आकड्यांचा लंबगोल शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी सहा-सात वर्षांचा कडक झालेला टायर पाम बीच रोडवर पहिल्या पावसात घसरतो, म्हणून तो वयावर बदला.

चेन मागच्या दातेरी चाकाच्या मागच्या टोकाला बोटाने ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही चाके एकत्रच बदला. नुसती नवी चेन जुन्या दातांवर महिन्याभरात खराब होते. चेनचा ढिलेपणा मधोमध 25 ते 30 मिमी ठेवा. तो मोजताना चाक फिरवत राहा, कारण जुनी चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असते. घट्ट जागी मोजायचे.

बॅटरी मल्टीमीटरने बघा. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर असताना 14 ते 14.5. चालू इंजिनवर 13 च्या खाली राहत असेल तर नवी बॅटरी घेऊ नका, दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या मॅग्नेट कॉइलचा किंवा रेक्टिफायरचा आहे आणि नवी बॅटरीही तशीच बसेल. 15 च्या वर जात असेल तरीही रेक्टिफायरच. नेरूळ-बेलापूरला खाडीची हवा आहे, तेव्हा मागच्या मडगार्डच्या आतली बाजू, स्टँडची पिन आणि सायलेन्सरची तळाची शिवण वायर ब्रशने घासून पाहा. जिथे पापुद्रे निघतील तिथे रंगाचा हात द्या.

ट्रान्सफर टाकली आहे, पण विमा आपोआप पूर्ण तुमचा होत नाही. गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल, ती धरून चला. पाचशे किलोमीटर झाले की काडी किंवा खिडकीत ऑइलची पातळी पुन्हा पाहा, सपाट जागी, मेन स्टँडवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. पातळी खालच्या रेघेपर्यंत उतरली असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर पहिल्या पत्राच्या उत्तरातली चढउताराची परीक्षा तुमच्याही गाडीची घ्या. बेलापूरला पारसिक हिलचा रस्ता त्यासाठी पुरेसा आहे.